बाई रडलीच नाही

दुष्काळाची दोन वर्षं काष्टीच्या यात्रेत नाटक झालं नव्हतं. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती आणि संध्याकाळी तिथली सुकडी खाऊन आडवी होत होती. नाटक कोण करणार? तिसऱ्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी घरात आली, आणि एसटी स्टँडाजवळच्या भिमाजी शिंप्यानं स्वतः लिहिलेलं नाटक गावातल्या पोरांना घेऊन बसवलं. नाव ठेवलं ‘मांडवातलं मढं’. यात्रा झाली, नाटक झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावाला दुसरा विषय नव्हता.

नाटक असं होतं. एका घरी लग्न आहे. वऱ्हाड दारात आलंय आणि घरातला म्हातारा मरतो. सुतक लागलं तर लग्न मोडणार. मग घरची माणसं म्हाताऱ्याला फेटा बांधून लोडाला टेकवून मांडवात बसवतात. येणारा जाणारा त्याच्या पाया पडतो. व्याही शेजारी बसून म्हणतो, “जावयाला घड्याळ द्याल ना?” मढ्याची मान पुढं पडते. व्याही ओरडतो, “कबूल झालं!” गाव हसून हसून लोळलं. पण वऱ्हाडात एक फौजदार पाहुणा असतो. त्याला म्हाताऱ्याचे निळे ओठ दिसतात. तिथून नाटक फिरतं. दूध कुणी दिलं, खोलीत कोण गेलं, जमिनीवर डोळा कुणाचा, असं एकेकावर संशय घेत शेवटी कळतं की म्हाताऱ्याला त्याच्या बायकोनंच विष घातलं.

पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूला, मनकर्णाबाई बसल्या होत्या. सगळे हसत असताना त्या पदर दातात धरून बसल्या होत्या. त्यांची लेक पुष्पा मात्र शेजारी मोठमोठ्यानं हसत होती. पाथर्डीकडच्या एका गावात दिलेली ही लेक यात्रेसाठी चार दिवस माहेरी आली होती.

मनकर्णाबाईंचं वय पन्नाशीच्या पुढं-मागं. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर घरी ऐकू यावी. नवरा आप्पासाहेब जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून मळा, गोठा, मुलगा सहादेव आणि त्याचं लग्न, सगळं त्यांनीच रेटलं. गावात त्यांना खंबीर म्हणत. दुष्काळात पन्नास बायकांच्या टोळीत त्या पुढं असायच्या आणि मुकादमाशी भांडायच्यासुद्धा.

पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं कशात म्हणजे कशात चित्त लागेना. शेण काढायला घेतलं आणि अर्ध्यात टाकून त्या चुलीपाशी आल्या. चुलीपाशी काय करायचं ते आठवेना, म्हणून परत गोठ्यात गेल्या. सून चांगुणा म्हणाली, “आत्याबाई, बरं वाटंना का?”

“मला काय धाड भरलीया,” त्या म्हणाल्या, आणि ज्वारीची पाटी डोक्यावर घेऊन दळणाला निघाल्या. दळण अजून दोन दिवसांचं शिल्लक होतं.

गिरणीत बायका-माणसांची गर्दी होती आणि सगळी एकमेकांवर ओरडत होती, कारण गिरणीच्या आवाजात दुसरं काही शक्यच नव्हतं. गिरणीवाला कानिफनाथ नाटकात म्हाताऱ्याची बायको झाला होता. त्यासाठी उडवलेल्या मिशीची जागा पिठानं आणखीच पांढरी दिसत होती.

“कानिफ, तूच मारलास रं म्हाताऱ्याला!” एक म्हातारा ओरडला. “मी पयल्या अंकातच वळखलं हुतं.”

“कशावरून वळखलंत, तात्या?”

“बाई रडलीच न्हाई की! नवरा मेला, तिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. उलट पाहुन्यांला च्या-पानी करत फिरती. तवाच म्हनलं, हिनंच मारला.”

“मला थोरल्या भावावर संशय हुता,” दुसरी एक बाई म्हणाली. “पर तुमी म्हनता ते खरं हाय. रडंना म्हनल्यावर काळंबेरंच आसनार.”

“हसायचं का भ्यायचं त्येच कळंना बया,” तिसरी म्हणाली. “पर आसं कुठं आसतंय व्हय? नवऱ्याचं मढं घरात ठिवून कुनी बाई बुंदी वाढंल का? नाटकातच चालतंय त्ये.”

“वाढंल,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

गिरणी इतकी खडखडत होती की कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पाटी तिथंच ठेवली, कानिफनाथाला हातानंच ‘नंतर नेते’ अशी खूण केली आणि बाहेर पडल्या. बाहेर चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं.

आठ वर्षांपूर्वीचं ऊन असंच होतं, वैशाखातलं. पुष्पाचं लग्न होतं, दुपारचा मुहूर्त. पाथर्डीकडून दोन ट्रक भरून वऱ्हाड पहाटेच येऊन पोचलं होतं. आप्पासाहेबांना जुना दमा. चार दिवस ते आतल्या खोलीत पडून होते आणि सगळ्यांना म्हणत होते, मुहूर्ताला मला उचलून न्या. सकाळी न्याहारीच्या वेळेला मनकर्णाबाई परत आत गेल्या तर ते संपले होते.

त्यांनी दीर कारभारी यांना हाक मारली. कारभारी आत आले, थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसले. “वैनी, आता?”

वैनींनी दाराला आतून कडी घातली. मांडवात पाचशे माणूस होतं. बुंदी पाडून झाली होती. सुतक म्हणजे लग्न गेलं; आणि गेलेलं लग्न परत जुळेल याचा काय नेम? पोरगी हळदीच्या अंगानं घरात राहिली असती आणि जन्मभर तिच्या नावानं लोक बोलले असते. मनकर्णाबाईंनी नवऱ्याचे डोळे झाकले, अंगावर घोंगडी गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या, “भाऊजी, दुपारपर्यंत त्ये झोपल्यात.”

मग त्या बाहेर आल्या. पानं वाढली, विहिणीला हळदी-कुंकू लावलं, रुसलेल्या मावशीची समजूत काढली. कुणी विचारलं तर “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” सासरी निघताना पुष्पा पाया पडायला आली, तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं. “जागं करू नगं. उंबऱ्यातनंच पाया पड.” पोर उंबऱ्यावर डोकं टेकून गेली. ट्रक वेशीबाहेर पडल्यावर तासाभरानं कारभाऱ्यांनी मांडवात येऊन टाहो फोडला. मनकर्णाबाईंना तेव्हाही रडू आलं नाही. सकाळी अडवलेलं रडं पुढं कधी मोकळं झालंच नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर.

हे दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान यात्रेपर्यंत त्यांना तसं वाटत होतं.

घरी आल्या तर ओट्यावर कारभारी बसलेले. टोपी हातात, चेहरा उतरलेला. इकडंतिकडं बघून ते हळूच म्हणाले, “वैनी, त्या शिंप्याला कुनी सांगितलं?”

“त्येच मी तुमाला इचारनार हुते.”

“मी? माझ्या बायकूला सांगितलं न्हाई मी! आठ वर्सं झाली, झोपीत बोलायचं भ्या वाटतं म्हनून मी एकला वट्यावर झोपतो.”

“मग मी सांगितलं का?”

“तसं न्हाई, पर...” कारभाऱ्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, “लोकं काय म्हनत्यात ऐकलं का? बायकूनंच मारला म्हनत्यात. उद्या कुनी जोडून बघितलं तर?”

मनकर्णाबाईंना उभं राहवेना आणि बसवेना. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्याच नव्हत्या. तशाच त्या वळल्या.

“कुठं निघालात?”

“शिंप्याकडं.”

भिमाजीच्या दुकानात दोन यंत्रं आणि एक बाक. तो पंचविशीतला, काटकुळा, गळ्यात टेप. सकाळपासून त्यानं एक टाकाही घातला नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला तो “नाटक कसं वाटलं?” एवढंच विचारत होता. कुणी चांगलं म्हणालं तरी त्याचं समाधान होत नव्हतं, आणि कुणी नावं ठेवली की तो तेच चघळत बसायचा. मनकर्णाबाईंना बघून तो उठला. “या काकू! पयल्या रांगेत हुतात तुमी. मी पडद्याआडून बघत हुतो. तुमी एकदाबी हसला न्हाई.”

“मला पानी दे आदी,” त्या बाकावर बसल्या. पाणी प्याल्या. “भिमाजी, ही गोस्ट तुला कुनी सांगितली?”

भिमाजीनं कपाळाला हात लावला. “तुमीबी काकू?”

“म्हंजी?”

“सकाळपासून तुमी चवथ्या! नावं सांगत न्हाई, पर एक जन दुकान उघडायच्या आत दारात. ‘आमच्या घरातलं तुला कुनी सांगितलं, बोल.’ दुसरा तर मारायलाच उठला. त्यांच्या चुलत्याला म्हनं बारश्यापायी झाकून ठेवला हुता. तिसरी एक बाई नुस्ती रडली आनि गेली. आवो, मला कुनी काय सांगितलं न्हाई! माझ्या आत्याच्या गावाला लई वर्सांमागं आसं झाल्तं, एवढंच ऐकून हुतो. मला काय ठावं, घरोघरी मढी झाकल्यात म्हनून!”

मनकर्णाबाईंनी रिकामा पेला बाकावर ठेवला. या गावात आणखी तिघं! पाचशे उंबऱ्यांत कुठल्या तिघांनी कडी घातली असेल? मग लगेच दुसरी गोष्ट टोचायला लागली, आणि खरं म्हणजे तीच जास्त टोचत होती.

“पर बाईनं मारलं आसं का दाखवलंस?”

भिमाजी अवघडला. “तसं आदी न्हवतं, काकू. आदी त्यात कुनीच मारत न्हवतं. म्हातारा आपला आपूनच मेल्ता. आनि शेवटी बायको म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडनार हुती. पर कानिफनाथाला रडायचं जमंना. तालमीत रडला की सगळी हसायची. रेड्यावानी आवाज काडायचा. मग म्हनलं, रडूच नगं. आनि रडत न्हाई म्हनल्यावर लोकांला सौंशय येनार, म्हनून मग इष घातलं.”

“गिरनीवाल्याला रडता यीना म्हनून तू बाईला खुनी केलंस?”

“लोकांला आवडलं की! टाळ्या पडल्या.”

“रडली न्हाई म्हंजी मारलं, आसं न्हाई रं बाबा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढला, तशी यंत्रावरचा कारागीर वळून बघायला लागला. “रडायचं असंल तर दार लावून बसावं लागतंय. तिला पानं वाढायची हुती. पाचशे मानूस जेवायचं हुतं. ती रडली असती तर तुझ्या नाटकातलं लगीन लागलं असतं का?”

भिमाजीनं मान हलवली. हे त्याला पटलं होतं, दिसत होतं. पण पुढच्या आठवड्यात लोणी गावाकडून बोलावणं आलं होतं, आणि शेवट बदलायचा तर कानिफनाथाला रडायला शिकवायला हवं होतं. “बघतो काकू,” तो म्हणाला. बघणार नाही हे दोघांनाही कळलं.

घरी परतल्या तेव्हा पुष्पा पिशवी भरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती जाणार होती. अजून नाटकातच होती. “आई, त्यो मान पाडतो तवा मला हसून ठसका लागला गं! माझ्या घरी सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई. फकस्त शेवट मला आवडला न्हाई.”

“का?”

“उगं त्या बाईवर घातलं. मला वाटलं हुतं, नवरीचं नाव निघंल.”

“नवरीचं? तिनं काय केलं?”

पुष्पानं घडी घातलेलं लुगडं परत उलगडलं आणि परत घडी घालायला घेतली. “काय न्हाई. मला आपलं तसं वाटलं. लेक गेली का बाप ऱ्हात न्हाई. आबांचं न्हाई का तसं झालं? मी वेशीबाहेर गेले न् आबांनी जीव सोडला. माझी सासू आजूनबी म्हनती, ‘हिनं उंबरा वलांडला आन् बापाला घिऊन गेली.’ पयल्या वर्साला तर माझ्या हातचं पानी पीत न्हवती. मी कंदी तुला बोलले न्हाई. पर बाळंतपनात ताप आल्ता ना मला, तवा मी आबांनाच म्हनत हुते, मी जात न्हाई, मी जात न्हाई.”

मनकर्णाबाईंनी आजपर्यंत एवढंच धरून ठेवलं होतं की पोरीचं चांगलं झालं. त्या दाराच्या कडीपायी पोरीचं लग्न लागलं, दोन लेकरं झाली, संसार झाला. त्या कडीनं पोरीच्या डोक्यावर काय ठेवलं, हे त्यांना आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“पुष्पे,” त्या म्हणाल्या, “तू गेलीस तवा तुझं आबा न्हवतं.”

“न्हवतं म्हंजी?”

“सकाळीच गेल्तं. न्याहारीच्या वक्ताला. तुला हळद लागून झाल्ती. मी आन् तुझ्या काकांनी कडी घातली. तू उंबऱ्यातनं पाया पडलीस, तवा आत मानूस न्हवतं, नुस्ती कुडी हुती. तू गेल्यामुळं काय झालं न्हाई. तू जायच्या आदीच झाल्तं समदं.”

पुष्पानं लुगडं पिशवीत कोंबलं. “म्हंजी मी नाचत हुते,” ती म्हणाली. “वरातीत मैत्रिनींनी फुगडीला वढलं तर मी खेळले. बुंदी खाल्ली. आन् आत आबा...” तिचा आवाज फाटला. “काल त्या मान पडनाऱ्या म्हाताऱ्याला मी हसत हुते, आन् तू शेजारी बसून बघत हुतीस! सांगितलं का न्हाईस? मला तोंड तरी बघू दिलं आसतंस!”

“तोंड बघितलं आसतंस तर लगीन...”

“लगीन, लगीन! माझ्या बापाचं तोंड हुतं त्ये!”

ती त्या दिवशी जेवली नाही. सकाळी सहादेव तिला स्टँडवर सोडायला गेला. मनकर्णाबाई मागं मागं गेल्या, पण पुष्पानं गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघितलं नाही. गाडी नगरच्या दिशेनं गेली. भिमाजी दुकानातून ओरडला, “काकू, लोणीकरांनी दोन प्रयोग ठरवलेत!” त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. सहादेवाला सगळं सांगावं लागलं, कारण बहीण का चिडली ते तो रोज विचारत होता. त्यानं ऐकलं, एक दिवस अबोला धरला, आणि मग इतकंच म्हणाला, “मी तवा पंधराचा हुतो. मला मांडवातल्या पत्रावळ्या उचलायला लावल्या, आन् मी तुमच्यावर चिडलो हुतो की आबा आजारी आसताना तुमी बुंदी काय वाढताय.” मग तो मळ्यात निघून गेला. कारभारी मात्र हलके झाले. ज्याची आठ वर्षं भीती वाटत होती ते सांगून झालं होतं. ते घरात झोपायला लागले, आणि घोरायला लागले म्हणून त्यांच्या बायकोनंच त्यांना परत ओट्यावर पाठवलं.

मनकर्णाबाईंना चैन नव्हती. पेरणी झाली, त्या तिफणीमागं चालल्या. खुरपणी आली, बायकांच्या पुढं दोन ओळी खुरपत गेल्या. पाथर्डीकडून येणारा कुणी बाजारात भेटला की विचारायच्या, पोरगी बरी हाय का? बरी हाय म्हणायचे. निरोप काही आणायचे नाहीत. दोनदा त्या स्टँडवर जाऊन नगरच्या गाडीत बसल्या आणि गाडी सुटायच्या आत उतरल्या. जाऊन काय बोलायचं? चुकलं म्हणायचं तर त्यांना ते चूक वाटत नव्हतं. बरोबर होतं म्हणायचं तर पोरीचं तोंड डोळ्यांपुढं यायचं. परत ती सकाळ आली असती तर त्यांनी परत कडीच घातली असती, आणि हेच त्यांना स्वतःशी सहन होत नव्हतं.

पंचमीला लेकी माहेरी येतात. पुष्पा येणार नाही असंच त्यांनी धरलं होतं, तरी चांगुणाला पुरणाची डाळ जास्तीची काढून ठेवायला सांगितली. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी पुष्पा दोन लेकरांना घेऊन दारात उभी राहिली. पाया पडली, लेकरांना मामाकडं पाठवलं आणि आईला म्हणाली, “आत चल.”

त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथं आता ज्वारीच्या कणगी होत्या. पुष्पा कणगीला टेकून खाली बसली. सासूला तिनं सांगून टाकलं होतं, आणि सासू इतकी घाबरली होती की सुतकात झालेल्या लग्नाला कसली शांती करावी म्हणून ब्राह्मणाकडं गेली होती. हे सांगताना पुष्पाला हसू येत होतं, पण ते तिनं आवरलं.

“मला एकच सांग,” ती म्हणाली. “आबा काय बोललं? शेवटचं?”

आठ वर्षांत मनकर्णाबाईंना हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला वेळ खोटी सांगावी लागली असती, मग शब्द तरी खरे कसे सांगायचे? त्यामुळं ते शब्द तसेच राहून गेले होते.

“चांगलं काय न्हाई बोललं,” त्या म्हणाल्या.

“असू दे.”

“ताशेवाला पाटंपासनं बडवत हुता. खिडकीच्या खालीच. तुझं आबा दम्यानं बेजार. मला म्हनलं, ‘त्या ताशेवाल्याला कुनीतरी च्या पाजा गं, तेवढाच गप बसंल.’”

“मग?”

“मग मी भायेर गेले, च्या सांगितला. त्यो गप बसला. मी परत दाराशी आले. रोज दारातनंच त्यांची छाती वाजताना ऐकू यायची. ताशा थांबला, तवा कळलं की आतबी काय वाजंना.”

पुष्पा कणगीपासून पुढं सरकली. “च्या पाजा म्हनलं?”

“व्हय.”

“आबांनी मरताना ताशेवाल्याला च्या पाजायला लावला?”

“आन् त्यो मेला दोन कप प्याला,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मधेच चिरकला. त्या हसायला गेल्या होत्या, पण आलं ते रडं. मोठ्यानं, कानिफनाथाच्या तालमीतल्यासारखं बेसूर. चांगुणा स्वयंपाकघरातून धावत आली. पुष्पानं तिला हातानं थांबवलं, आईला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करत बसली.

त्या वर्षी पुष्पा पंचमी झाल्यावरही आठवडाभर माहेरी राहिली.